बटणातला ताल आणि भक्तांचे मौन

काही वर्षांपूर्वी एका अंत्यविधीच्या मिस्सेत अर्पणगीत सुरू झाले आणि त्याच्यासोबत कीबोर्डमधून डिस्कोचा ठेका मंदिरभर घुमला. वादकाचे बोट चुकून शेजारच्या बटणावर पडले होते. शवपेटीजवळ बसलेल्या विधवेने मान खाली घातली. ती चूक होती आणि चुकीला क्षमा असते. माझी तक्रार दर रविवारी ‘बरोबर’ समजून दाबल्या जाणाऱ्या बटणाविषयी आहे.

हा यांत्रिक ताल मुळात कोणासाठी जन्मला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९५९ साली अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने ऑर्गनच्या साथीला ‘साइडमन’ नावाचे तालयंत्र विक्रीस आणले. त्यात वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो असे नृत्याचे ठेके आधीच भरलेले होते. तो संच थोड्याफार फरकाने आजही आपल्या कीबोर्डमध्ये नांदतो आहे. आपण तो पवित्र वेदीपाशी आणला, पण त्याचे घराणे कधी विचारले नाही.

‘तीन मात्रांचा वॉल्ट्झ म्हणजे आपला दादराच की!’ असे गायकवृंदातील मंडळी सांगतात. तसे नाही. दादरा सहा मात्रांचा. पहिलीवर सम, चौथीवर खाली. भरलेल्या समेनंतर हलकी खाली येते आणि तेथे गाणाऱ्याला उसंत मिळते. वॉल्ट्झ दर तीन मात्रांनी तोच ठोका तेवढ्याच जोराने देतो. त्यात खाली नाहीच. रूपकाची गत याहून वाईट. सात मात्रांचे बटण साध्या कीबोर्डवर बहुधा नसते. मग वादक गीत आठ मात्रांत कोंबतो आणि उरलेली मात्रा भरण्यासाठी एखादा शब्द निष्कारण ताणतो. म्हातारी माणसे दोन कडवी झगडतात आणि तिसऱ्याला गप्प होतात. आपण म्हणतो, लोकांना गाण्याची आवड उरली नाही!

‘तबलजी मिळत नाही, आणि ठेका नसेल तर तरुण येत नाहीत,’ हा दुसरा बचाव. पहिले खरे आहे. म्हणूनच मी कीबोर्ड फेकून द्या असे म्हणत नाही. त्याला आपला ताल शिकवा असे म्हणतो. १९७८ साली आलेल्या रोलंडच्या ‘सीआर-७८’मध्येही वापरणाऱ्याला स्वतःचा ठेका यंत्रात साठवता येत असे. आज अनेक कीबोर्डांत ती सोय असते आणि अनेक धर्मग्रामांत ती अस्पर्श पडून असते. प्रथम मात्रासंख्या ठरवावी, गती संथ ठेवावी. आधी डग्ग्याचे बोल भरावेत, मग तेच आवर्तन फिरत असताना वरून तबल्याचे. खालीच्या जागी डग्गा गाळावा. ठोके आपोआप काटेकोर करणारी सोय बेतानेच वापरावी. शेवटी ठेका यंत्राच्या स्मृतीत साठवावा. एका संध्याकाळचे हे काम आहे. राहिले तरुण, त्यांना हे काम सोपवा आणि ते येतात की नाही ते पाहा.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली मंदिरात पियानो आणि ढोलासारखी वाद्ये निषिद्ध ठरवली होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात दार उघडले: मिशन-प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, आणि उपासनेला साजेशी व भाविकांच्या उन्नतीस पोषक अशी अन्य वाद्येही स्वीकारावीत. दार आपल्या तालासाठी उघडले. आत शिरला तो नृत्यगृहाचा ठेका!

आणि काही ठिकाणी आपला तालही थांबलाच पाहिजे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते ओवीत. ओवीच्या चरणांची अक्षरे मोजून बांधलेली नसतात. ती गाणाऱ्याच्या श्वासाने चालते. तिला यंत्राच्या मात्रांत बांधणे म्हणजे तिचा गळा आवळणे. स्तोत्रगायनाचेही तेच. प्रायश्चित्तकाळात तर काही सण व विशेष दिवस वगळता वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असा उपासनेचा नियम आहे. गायनाला बुडवणारा ठेका आधार कसा ठरेल?

वादकबंधूंना माझी विनंती आहे. येत्या रविवारी एका गीतापुरता ठेका बंद ठेवा आणि ऐका. मंदिर किती गाते ते कळेल. कदाचित ते फार थोडे गाईल. पण तो आवाज आपल्या लोकांचा असेल, आणि आपल्याला काम तेथूनच सुरू करायचे आहे.