हंसराजाची कुंडी

पावसाळ्यांत घाटाची सहल करून परत येतांना आपणांपैकीं पुष्कळांच्या हातीं मुळासकट उपटलेला हंसराज असतो. ते केसासारखे काळे देठ व तीं थरथरणारीं हिरवीं पानें पाहून कोणास मोह होणार नाहीं? परंतु दिवाळी उलटल्यावर तें रोप वाळतें आणि कुंडी रिकामी करण्यांत येते. या दोन्ही कृत्यांविषयीं मला दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम दुसऱ्याविषयीं. लहानपणीं असली एक वाळलेली कुंडी मींच परसांत ओतली होती. पुढील आषाढांत त्याच मातींतून कोवळे, गुंडाळलेले कोंब वर आले, तेव्हां माझी मलाच लाज वाटली. सह्याद्रींतील अर्धचंद्राकृति पानांचा हंसराज उन्हाळ्यांत मरत नाहीं, निजतो; त्याचें खोड मातींत जिवंत असतें. याच्या उलट, बाजारांत मिळणारा दक्षिण अमेरिकेंतील हंसराज बारमाही हिरवा. त्याची माती एकदां जरी कोरडी पडली तरी पानें करपतात. तीं बुडाशीं कापावीं, कुंडी सावलींत व ओलसर ठेवावी, म्हणजे बहुधा नवीं पानें येतात. विहिरीच्या चिरांत उगवणारी तिसरी जात चुनखडीच्या ओलाव्यावर पोसते. नांव एकच, पण प्रत्येकाची गरज निराळी. जात ओळखल्यावांचून पाणी घालणें ही माया नव्हे, केवळ हौस होय.

आतां उपटण्याविषयीं. "एक रोप नेलें तर डोंगराचें काय उणें होतें?" असें कोणी विचारील. ४० मुलांच्या वर्गानें १० वर्षें एकेक रोप नेलें तर ४०० रोपें होतात. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत नेच्यांचें असेंच वेड पसरलें होतें. १८५५ सालीं चार्ल्स किंग्स्ले यांनीं त्यास 'टेरिडोमेनिया' हें नांव दिलें. त्या वेडापायीं किलार्नी नेचा ब्रिटनमधील कित्येक ठिकाणांहून नाहींसा झाला.

मग हौस सोडावी काय? मुळींच नाहीं. आपल्या डोंगरांतील हंसराजाच्या पानाचें टोंक भूमीस टेकलें कीं तेथें नवें रोप रुजतें. ज्याच्या घरीं कुंडी असेल त्यानें असें टोंक दुसऱ्या कुंडीच्या ओल्या मातींत टेकवावें व रुजल्यावर तें रोप मित्रास द्यावें. पालकांनींहि वाळलेली कुंडी फेंकूं न देतां कोपऱ्यांत राहूं द्यावी. ज्येष्ठाची पहिली सर येईपर्यंत धीर धरण्यास जें मूल शिकलें, तें केवळ बागकाम शिकलें असें मी म्हणणार नाहीं.