सेलिब्रंटने लावलेले लग्न: क्रम आणि कागद

ऑस्ट्रेलियात विवाह हा संघराज्याच्या अखत्यारीतला विषय असून 1961 चा विवाह कायदा सर्व राज्यांना सारखा लागू होतो. धर्मगुरू किंवा निबंधक कार्यालयातील अधिकारी नसलेल्या व्यक्तीला लग्न लावण्याचा अधिकार देण्याची पद्धत तत्कालीन ॲटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी 1973 मध्ये सुरू केली. हीच व्यक्ती नागरी सेलिब्रंट. आज तेथील दहापैकी सुमारे आठ लग्ने नागरी सेलिब्रंट लावतात. मराठी कुटुंबांतही ही पद्धत रुळत असून त्यातून निघणारे घटस्फोट, पोटगी व वारसा यांचे वाद इथल्या वकिलांपुढे येतात.

प्रक्रियेची सुरुवात नोटिशीने होते. नियोजित विवाहाची नोटीस लग्नाच्या जास्तीत जास्त 18 महिने आणि कमीत कमी एक महिना आधी सेलिब्रंटकडे द्यावी लागते. नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट नाही. जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा, ओळखपत्र आणि आधीचा विवाह संपल्याचा दाखला दाखवावा लागतो. भारतातील घटस्फोटाचा हुकूमनामा मराठीत असेल तर त्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवणे सोयीचे. आजारपण, नोकरी, प्रवास अशा ठरावीक कारणांसाठीच मुदत कमी करून मिळते, आणि तो अधिकार सेलिब्रंटचा नसून नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा असतो.

विधी कुठेही, कधीही करता येतो. त्यात तीन गोष्टी मात्र चुकवता येत नाहीत: सेलिब्रंटने विवाहाचे कायदेशीर स्वरूप ठरलेल्या शब्दांत सांगणे, वधूवरांनी एकमेकांचा जोडीदार म्हणून स्वीकार केल्याचे उपस्थितांसमक्ष उच्चारणे, आणि अठरा वर्षांवरील दोन साक्षीदारांची उपस्थिती. इंग्रजी न समजणाऱ्या पक्षासाठी दुभाषा घेता येतो. वधू किंवा वराला स्वतः ते काम करता येत नाही. त्यानंतर 14 दिवसांत कागद राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात जातात. लग्नाच्या दिवशी हाती मिळणारे सजावटीचे प्रमाणपत्र बहुतेक सरकारी कामांना चालत नाही. नोंदणी कार्यालयाचा दाखला स्वतंत्रपणे मागवावा लागतो. दोन्ही देश हेग अपोस्टिल कराराचे सदस्य असल्याने त्यावर अपोस्टिल घेतले की भारतात दस्तऐवजाच्या अस्सलपणाचा प्रश्न सहसा उरत नाही.

खरी गुंतागुंत दोन विधींच्या क्रमात असते. पुण्यात सप्तपदीसह लग्न झाले, नोंदणी राहून गेली, म्हणून मेलबर्नमध्ये ‘कायदेशीर लग्न’ उरकायचे असा बेत अनेकदा सांगितला जातो. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 7 प्रमाणे, ज्या रूढीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, आणि कलम 8 प्रमाणे नोंदणी न झाल्याने तो अवैध ठरत नाही. असे जोडपे ऑस्ट्रेलियात नोटिशीवर ‘अविवाहित’ लिहील तर ते खोटे निवेदन ठरते. शिवाय आधीच विवाहित जोडप्याने पुन्हा एकमेकांशी लग्न करण्यास तेथील कायद्याच्या कलम 113 ची मनाई आहे. योग्य मार्ग म्हणजे महाराष्ट्रातच विवाहाची नोंदणी करणे. हौस असेल तर सेलिब्रंटकडून केवळ समारंभ करून घेता येतो, मात्र तो विवाह नव्हे हे सर्वांना स्पष्ट असले पाहिजे.

उलट क्रमात, सेलिब्रंटसमोरचा विवाह आधी झाला आणि मग नाशिकला मंगलाष्टके झाली, तर विवाहाची तारीख ऑस्ट्रेलियातलीच राहते. इथे नंतरच्या तारखेने दुसरी नोंदणी केल्यास व्हिसा, वारसा आणि घटस्फोटाच्या अर्जात दोन तारखांचा घोळ होतो. ऑस्ट्रेलियात एकाच मांडवात दोन्ही विधी असतील तर पुरोहिताला विवाह लावण्याचा अधिकार आहे का, हे आधी पाहावे. तसा अधिकार नसल्यास कायद्याला लागणारा भाग सेलिब्रंटनेच पार पाडायचा असतो. तिची किंवा त्याची नुसती सही पुरत नाही.

भारतात अशा विवाहाकडे पाहताना बाह्य औपचारिकता विवाहस्थळाच्या कायद्याने, तर विवाह करण्याची पात्रता सामान्यतः पक्षकारांच्या अधिवासाच्या कायद्याने तपासली जाते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांचा विवाह ऑस्ट्रेलियात निषिद्ध नाही. भारतात अधिवास असलेल्या हिंदूंसाठी मात्र त्याची वैधता सिद्ध करता येणाऱ्या रूढीवर अवलंबून राहते. समलिंगी विवाह तेथे डिसेंबर 2017 पासून वैध आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतर भारतात त्यांना वैवाहिक हक्कांचा आधार नाही.

म्हणून पक्षकाराची पहिली मुलाखत तीन प्रश्नांनी सुरू व्हावी: पहिला विधी कोणता व कुठे झाला, तो लावणाऱ्याला अधिकार होता का, आणि त्या वेळी दोघांचा अधिवास कोणता होता. वैध विवाह कोणता आणि त्याची तारीख काय, हे या उत्तरांवरून ठरते; अर्जाचा मसुदा त्यानंतर.