‘ढ’ कोण ठरविणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या शेवटच्या बाकावर बसणारे मूल वाचताना अडखळते, फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षरे उलटी-पालटी करते आणि पाढे आज पाठ करून उद्या विसरते. मास्तर त्याला ‘ढ’ म्हणतात, बाप आळशी म्हणतो. दोन-तीन वर्षांत ते शाळा सोडते आणि गुरांमागे किंवा वीटभट्टीवर जाते. नेमक्या याच तक्रारी असलेले मूल मुंबईच्या एखाद्या महागड्या इंग्रजी शाळेत असेल, तर पालक त्याला मानसशास्त्रज्ञाकडे नेतात. तेथे तपासणी होते, अहवाल येतो, अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र हाती पडते आणि शालान्त परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो. ही सवलत महाराष्ट्र सरकारने 1996 मध्येच मान्य केली. सरकारी कागदावर ती सर्वांना आहे. परंतु प्रमाणपत्राची वाट ज्या तपासणीतून जाते, ती तपासणी सर्वांना नाही. मेंदूचा दोष वर्ग पाहून जडत नाही. त्याचे निदान मात्र वर्ग पाहून होते.

अशा वेळी काही पुरोगामी कार्यकर्ते एक सोपा पवित्रा घेतात. मुलांच्या बुद्धीच्या, अवधानाच्या, स्मरणाच्या चाचण्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले, वर्गभेद पक्का करण्याचे भांडवली हत्यार, असे ते सांगतात. या म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही असे नाही. आल्फ्रेड बिने याने 1905 मध्ये सिमाँच्या साहाय्याने पॅरिसमध्ये पहिली श्रेणी रचली, ती वर्गात मागे पडणारी मुले हुडकून त्यांना विशेष शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी ही जन्मजात व अचल वस्तू आहे, या मताचा त्याने स्वतःच निषेध केला होता. तीच चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचे रूप पालटले. गॉडर्डने ती एलिस बेटावर उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांवर चालविली. 1927 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब तरुणीला मतिमंद ठरवून तिच्या सक्तीच्या नसबंदीला संमती दिली. तिच्या ज्या तान्ह्या मुलीलाही मंद ठरविले गेले होते, ती पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली! कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंकाच्या जोरावर मंदबुद्धींच्या वर्गात ढकलले जात असे. ही प्रथा बेकायदा ठरण्यास 1979 साल उजाडावे लागले.

पण हत्यार परक्याच्या हाती गेले म्हणून ते मोडून टाकावे काय? सोव्हिएत रशियाने तो प्रयोग करून पाहिला आहे. 1936 च्या जुलैत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने एका ठरावाने बालमापनशास्त्र मोडीत काढले व शाळांतील चाचण्या बंद केल्या. ज्या मुलांना खरोखर मदत हवी होती, ती त्यामुळे सुधारली नाहीत. त्यांना ओळखण्याचे एक साधन तेवढे नाहीसे झाले. विज्ञानाचा गैरवापर होतो तेव्हा त्याची मालकी बदलावी लागते. ज्ञानावर बंदी घालणे हा समाजवाद नव्हे.

त्याच देशातील अलेक्झांडर लुरिया या शास्त्रज्ञाचा अनुभव चाचणीच्या भक्तांनी व शत्रूंनी, दोघांनीही वाचण्याजोगा आहे. 1931-32 मध्ये तो उझबेकिस्तानात गेला. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतील वेगळी वस्तू कोणती, असे त्याने निरक्षर शेतकऱ्यांना विचारले. सगळ्याच लागतात, ओंडक्यावाचून करवत काय कामाची, असे उत्तर आले. पुस्तकी चाचणीत या उत्तराला शून्य गुण. परंतु ते मंदबुद्धीचे उत्तर नव्हते, श्रमाच्या जगातले होते. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारून त्याचा बुद्ध्यंक काढणारा परीक्षक हीच चूक करतो आणि वर तिच्यावर शिक्का मारतो. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी व कानडीत आणली. नागपुरात मलिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी घडविली व ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम मोलाचे होते. पण अर्धशतकापूर्वीच्या प्रमाणकांवर आजचे मूल तोलायचे, तर हाती येणाऱ्या आकड्याचा मान बेतानेच ठेवला पाहिजे.

म्हणून खरा प्रश्न पालकाच्या हक्काचा आहे. न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी म्हणजे मेंदूचा फोटो नव्हे, त्यात सुई नाही, वीज नाही, हे आईला आधी कोणी तरी सांगितले पाहिजे. मुलाच्या जन्मापासूनची हकीकत विचारली गेली पाहिजे: रडण्यास उशीर झाला काय, फिट येत होती काय, मेंदूज्वर झाला होता काय, घरात कोणती भाषा बोलतात. चाचणीपूर्वी डोळे व कान तपासले पाहिजेत. चष्म्याअभावी ‘ढ’ ठरलेली मुले काही थोडी नाहीत, आणि रक्तक्षयाने पेंगणाऱ्या मुलाचे अवधान मोजणे ही तर क्रूर थट्टा आहे. मग ठोकळे जुळविणे, आकडे उलटे म्हणणे, गोष्ट ऐकून सांगणे, वाचन, लेखन, गणित असे कित्येक तासांचे काम असते. लहान मूल थकते, तेव्हा ते दोन-तीन बैठकांत करावे लागते. शेवटी पालकाला समजेल अशा मराठीत अहवाल मिळाला पाहिजे. त्यात मुलाला काय येते हे आधी असावे, काय येत नाही हे नंतर, आणि शिक्षकाने उद्यापासून वर्गात काय करावे हे सर्वांत ठळक. नुसता बुद्ध्यंक लिहून दिलेला कागद म्हणजे अहवाल नव्हे. पालकाने तो परत करावा व खुलासा मागावा.

हे सर्व फुकट मिळाले पाहिजे, आणि कायदा याच बाजूला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाळणी लावणे दंडनीय केले. तेव्हा चाचणीच्या नावाने प्रवेश नाकारणारी शाळा गुन्हेगार आहे. 2016 च्या दिव्यांगहक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला दिव्यांगत्वांत स्थान दिले. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरीच्या सुमारास प्राथमिक पाहणीची जबाबदारी शाळेवर टाकली. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याच्या यादीतही अध्ययनदोष आहे. कागद भरपूर झाले. तपासणारा माणूस कोठे आहे? नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. खाजगी तपासणीला हजारो रुपये पडतात. सार्वजनिक रुग्णालयाची तारीख मिळण्यास महिने जातात, आणि गडचिरोलीच्या मजुराने दोन-तीन बैठकांसाठी रोज बुडवून नागपूरला खेपा घालायच्या!

ही कोंडी पालकांच्या तक्रारींनी फुटणार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक, आदिवासी भाषांत नव्याने प्रमाणित केलेल्या चाचण्या आणि तपासणीच्या दिवसांची बुडालेली मजुरी, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदांच्या दारात गेले पाहिजे. पहिली पायरी तर गावातच आहे: शाळेच्या हजेरीपटातून गेल्या तीन वर्षांत गळालेली नावे काढावीत आणि त्यांतील किती मुलांची एकदा तरी तपासणी झाली होती, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावे.