सुशी खायची, पण कुठे?

वीकएंड, मित्रांचा कट्टा आणि सुशीचा मूड! पण राहता रिद्धपूरला? टेन्शन नको. लीळाचरित्राच्या या गावात 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ आलं. सुशी मात्र अमरावती-नागपूरच्या मेन्यूकार्डातच शोधावी लागणार.

माझा फंडा सिंपल आहे. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, तर व्हिनेगर लावलेला भात. म्हणून हॉटेल निवडताना मी आधी भाताची चौकशी करते. तो आजचाच हवा. फ्रिजमधला भात कडक लागतो.

मग माशाचा प्रश्न. वऱ्हाडापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कच्चा खायचा मासा परजीवी मरावेत म्हणून आधी डीप फ्रीझ करतात. उणे 20 अंशांवर सात दिवस, हा त्यातला एक नियम. वेटर किंवा शेफ यावर अडखळला, तर मासा कॅन्सल! शिजवलेल्या कोळंबीचा नाहीतर काकडीचा रोल मागवा. काकडीचा ‘कप्पा माकी’ही अस्सल जपानी, आणि ग्रुपमधला महानुभावी, शाकाहारी दोस्तही उपाशी राहत नाही.

आणि एकही उत्तर पटलं नाही तर? सरळ रोडगे आणि वांग्याची भाजी. पैसा वसूल, लेकहो!