आधी इथला कागद द्या

कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, नावाखाली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आयटीआय झालेल्या पोरांना लुबाडलं जातंय. त्याबद्दल कॅनडाला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. कॅनडाने आपले नियम उघड छापलेत, ते कुणालाही फुकट वाचता येतात. या पोरांचा घात इथे होतो आणि तो दोन जागी होतो. एक, एमआयडीसीतल्या शेडमध्ये, जिथे वर्षानुवर्षं काम करून घेतात आणि कामाचा कागद देत नाहीत. दुसरी जागा म्हणजे एजंटाचं काचेचं एसी ऑफिस, जिथे कागद नसलेल्या माणसाला कागद विकला जातो.

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात गेली. राहायला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये. जुने विद्यार्थी संध्याकाळी घरी येतात. पूर्वी लग्नपत्रिका घेऊन यायचे, आता एजंटाचे करारनामे घेऊन येतात. तेही सही ठोकल्यावर आणि पहिला हप्ता भरल्यावर. "सर, जरा बघा ना, बरोबर आहे ना?"

त्यांतल्या एकाचं सांगतो. वय सत्तावीस, लग्न व्हायचंय. ट्रेड फिटर, पण हात बसला आर्गन वेल्डिंगवर. केमिकल प्लांटच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचे जोड मारतो. पाइपची दोन्ही तोंडं टेपने बंद करायची, आतली हवा हुसकून आर्गन भरायचा आणि मग मुळातला पहिला थर घालायचा. शॉपमध्ये त्याला रूट म्हणतात. तो आतून काळा पडला, करपला, की जोड बाद. या जोडांचे एक्स-रे निघतात. ह्याचे जोड पास होतात, म्हणून अडचणीच्या जागेतली लाइन आली की ठेकेदार ह्यालाच बोलावतो. अशा माणसाला कुशल नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

त्याच्या करारनाम्यावर लिहिलं होतं 'कॅनडा पीआर, फेडरल स्किल्ड वर्कर'. मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बेरीज मांडली. ह्या वर्गात नुसतं दारात उभं राहायला १०० पैकी ६७ गुण लागतात. वयाचे त्याला १२, म्हणजे पैकीच्या पैकी. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड तिथल्या दोन वर्षांच्या पदविकेइतका धरला जाईल असं उदारपणे मानलं, तर शिक्षणाचे १९. चार-पाच वर्षांच्या अनुभवाचे १३. इंग्रजीत आयईएलटीएसला चारही भागांत ६ बँड आले तर १६. बेरीज ६०. म्हणजे हा मुलगा दारातच अडला. ६७ ओलांडायला त्याला ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हींत ७ बँड हवेत. मग इंग्रजीचे २४ होतात आणि बेरीज ६८. मराठी शाळेतून दहावी झालेल्या, दिवसभर वेल्डिंगच्या धुरात राबणाऱ्या मुलाला हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण वर्ष-दोन वर्षं खपावं लागेल, हे त्याला पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

बरं, एवढे बँड आणले तरी खरी स्पर्धा पुढेच आहे. आत शिरल्यावर दुसरं गुणांकन होतं, १२०० गुणांचं. त्यात याच मुलाची बेरीज होते ४०७. बांधकाम आणि यंत्रकामाच्या कारागिरांसाठी ऑगस्ट २०२३मध्ये निवडीची जी वेगळी फेरी झाली, ती ३८८ गुणांना थांबली होती. ऑक्टोबर २०२४ची तशीच फेरी ४३३ला थांबली. म्हणजे पहिल्या फेरीत हा बसला असता, दुसरीत राहिला असता. शिवाय वयाची तिशी आली की दर वाढदिवसाला गुण कमी होत जातात. कारागिरांसाठी आणखी एक वेगळी वाट आहे, तिथे इंग्रजीची अट हलकी आहे. पण त्यासाठी कॅनडातल्या मालकाची किमान एका वर्षाच्या नोकरीची हमी लागते, नाहीतर तिथल्या प्रांताचं कारागिरीचं प्रमाणपत्र. अंबरनाथच्या शेडमधून ते कुठून आणायचं?

ही सगळी बेरीज करायला मला अर्धा तास लागला नाही. एजंटाला पाच मिनिटंही लागली नसती, रोजचाच धंदा आहे. तरी त्याने पहिला हप्ता घेतला. पात्र नसलेल्या माणसाला पात्र आहेस म्हणून सांगून पैसे घेणं याला मी फसवणूकच म्हणतो, सल्लागारी म्हणत नाही.

करारनाम्याची कलमं वाचली तर संताप येतो. फी हप्त्याहप्त्याने, एकदा भरली की परत नाही. निकालाची हमी नाही. 'प्रोफाइल सादर झाल्यावर सेवा पूर्ण झाली असे समजण्यात येईल.' आता हे प्रोफाइल काय असतं? कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर आपली माहिती भरायची, बस. त्याला एक पैसा फी नाही. इंग्रजीचा निकाल आणि शिक्षणाची तपासणी हातात असेल तर एका बैठकीत भरून होतं. म्हणजे फुकटचं काम करून देऊन त्यालाच 'पूर्ण सेवा' म्हणायचं आणि पुढे काही झालं नाही की कलमावर बोट ठेवायचं. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकिलांना, परवानाधारक पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांना आहे. परवानाधारकांची यादी तिथल्या नियामक संस्थेने उघड ठेवली आहे. त्या मुलाच्या करारनाम्यावर परवाना क्रमांकाची ओळच नव्हती.

पण एजंटावर सगळं ढकलून मला मालकांना मोकळं सोडायचं नाही. कॅनडाला अनुभवाचा दाखला लागतो तो असा: कंपनीच्या लेटरहेडवर, हुद्दा काय, काम नेमकं काय, आठवड्याला किती तास, पगार किती, कधीपासून कधीपर्यंत, खाली वरिष्ठाची सही आणि संपर्क. एका पानाचा मजकूर. यात अन्यायाची एकही मागणी नाही. पण आमच्या मुलाकडे काय आहे? ठेकेदाराच्या मस्टरवर अर्धवट नाव. पीएफ काही महिने भरला, मग ठेकेदाराने फर्मचं नाव बदललं. काही पगार खात्यात, ओव्हरटाइम हातात रोख. नियुक्तिपत्र नाही. मूळ कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नाही. ठेकेदार म्हणतो, लेटर कशाला पाहिजे, उद्या पीएफच्या ऑफिसात माझ्यावरच केस टाकशील.

इथे एजंटाला आयती संधी मिळते. "एक्सपिरियन्स लेटरची काळजी करू नकोस, आपण बनवून घेऊ." ज्याने खरोखर पाच वर्षं जोड मारले, ज्याचे एक्स-रे पास झाले, त्याला आपल्या खऱ्या अनुभवाचं खोटं पत्र विकत घ्यावं लागतं, कुठल्या तरी दुसऱ्याच फर्मच्या लेटरहेडवर. ते पकडलं गेलं तर कॅनडाचा कायदा पाच वर्षं दार बंद करतो. २०१४पूर्वी ही बंदी दोन वर्षांची होती. बँकेत दाखवायच्या रकमेचंही तसंच. एकट्या माणसाला सुमारे १५ हजार कॅनेडियन डॉलर, म्हणजे नऊ लाखांच्या पुढे रक्कम दाखवावी लागते. ती उसनी चालत नाही आणि सहा महिन्यांचा हिशेब मागतात. एजंट म्हणतो, फंडही दाखवून देतो, टक्केवारी द्या. खोट्यावर खोटं चढवलं जातं आणि खाली सही असते ती त्या पोराची. शिक्षा त्यालाच होते. एजंटाचं नाव त्या अर्जात कुठेही नसतं.

मालकांनी कायद्याचं अज्ञान सांगू नये. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत ठेकेदाराने कामगाराला कामाचं कार्ड द्यावं आणि काम सुटल्यावर सेवेचा दाखला द्यावा, ही तरतूद होती. पन्नास वर्षं ती कागदावर राहिली. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. आता तरी शेडमध्ये जाऊन कुणी अधिकारी विचारणार आहे का की बाबा, दाखव तुझं पत्र?

जीन्सच्या कारागिरांचं दुखणं तर त्याहून जुनं. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत कापड एकावर एक रचून मशीनने कापणारा मास्टर एका चुकीत मालकाचं हजारोंचं नुकसान करू शकतो, आणि तो चूक करत नाही. त्यालाही आणि शिलाई मशीनवरच्या कारागिरालाही एजंट 'स्किल्ड' म्हणून फाइल उघडून देतात. कॅनडाच्या वर्गवारीत कारखान्यातला शिलाई मशीन चालवणारा चौथ्या पायरीवर बसतो आणि एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे वर सांगितलेली गुणांची स्पर्धा, तिसऱ्या पायरीपर्यंतच घेते. शिलाईवाल्याची फाइल पहिल्या दिवशीच मेलेली असते, तरी हप्ते चालू राहतात.

हे सगळं घडतंय ते कुठल्या गावात? महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. मागे सोडलेल्या घरांचे, दुकानांचे, जमिनींचे क्लेम त्या माणसांना कागदावर सिद्ध करावे लागले. भरपाईचा कायदा आला १९५४ला. कागदावाचून माणसाचं काय होतं, हे या शहराला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. आणि त्याच शहरात, त्याच्या शेजारच्या एमआयडीसीत, राबणाऱ्या माणसाला एक पान लिहून द्यायला मालकाचा हात उचलत नाही, हे मला सहन होत नाही.

एजंट सांगतात, कॅनडाला माणसं हवीतच, आज ना उद्या नंबर लागेल. हे तर साफ खोटं. गुणांवर माणसं निवडायची ही पद्धत कॅनडाने १९६७ला सुरू केली आणि तेव्हापासून नियम त्यांच्या गरजेप्रमाणे बदलत आलेत. २०१२ला तिथल्या सरकारने कायदा करून २७ फेब्रुवारी २००८पूर्वीचे कुशल कामगारांचे रखडलेले अर्ज एका फटक्यात रद्द केले. त्यात सुमारे २ लाख ८० हजार माणसं होती, कित्येकांनी पाच-सात वर्षं वाट पाहिली होती. फी परत केली, वर्षं कोण परत करणार? ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांनी २०२५चं पीआरचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. मार्च २०२५मध्ये नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले, कारण त्या ऑफरीच विकल्या जात होत्या. आपल्याला कोण हवं ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. पण इथला एजंट हे बदल गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण सांगितलं तर दुसरा हप्ता येणार नाही.

आणि आपलं सरकार? १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली आखातात कामगार पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते आणि कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. पीआरवाला म्हणतो, मी नोकरी देत नाही, मी फक्त सल्ला देतो. एवढ्या एका वाक्यावर तो लाखाची फी घेतो. पंजाबने २०१२ला स्वतःचा कायदा करून अशा सल्लागारांना परवान्याखाली आणलं. तिथली फसवणूक त्याने संपली नाही, २०२३ला बनावट प्रवेशपत्रांचं मोठं प्रकरण तिथूनच निघालं. तरी परवाना आहे का, हे विचारायला निदान पोलिसांच्या हातात काही तरी आहे. महाराष्ट्राने असा कायदा करावा, परवान्याचा क्रमांक पाटीवर लावणं आणि फी घेण्याआधी पात्रतेची बेरीज लेखी देणं सक्तीचं करावं. ती बेरीज लिहून द्यावी लागली की यांतली बरीच दुकानं आपोआप बंद होतील.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०२४ला महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला १० हजार कुशल तरुण पाठवायचे, भाषेचं शिक्षण सरकारने द्यायचं. वाट हीच योग्य. मग अंबरनाथ आणि उल्हासनगर तालुक्यांतून किती मुलं भाषा शिकली, किती विमानात बसली, याची यादी प्रत्येक आयटीआयच्या फलकावर लावा. पोरांना खरी वाट दिसली तर ती काचेच्या ऑफिसात जाणार नाहीत.

माझे काही सहकारी म्हणतात, जाऊ दे, बरंच आहे, चांगले कारागीर इथेच राहतील. हे मला मान्य नाही. माणसाला कागद न देऊन अडकवून ठेवणं ही वेठबिगारीच्या जातीची गोष्ट आहे. त्याने जावं की राहावं, हे त्याने ठरवावं. राहिला तरी त्याला तोच दाखला लागतो, घराचं कर्ज मागताना, चांगल्या कंपनीत मुलाखत देताना, भिवंडीपासून हजिऱ्यापर्यंत कुठेही.

ज्यांनी हप्ते भरलेत, त्यांनी गप्प बसू नये. पावती, करारनामा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यूपीआयची नोंद, सगळं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या कसुरीची तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर मात्र २०१९च्या कायद्याप्रमाणे मुंबईला राज्य आयोगात जावं लागतं, म्हणून तक्रार लिहितानाच काय मागायचं ते नीट ठरवा. 'फी परत मिळणार नाही' हे कलम छापलं म्हणून अपात्र माणसाकडून पैसे उकळल्याची जबाबदारी टळत नाही. आणि ठेकेदाराकडे अनुभवाचा दाखला तोंडी मागू नका. स्पीड पोस्टने मागा, प्रत मूळ कंपनीला, पोचपावती फाइलला लावा.