पूल हवाच, पण सायकलीला वाट ठेवा

कोकण किनाऱ्याने रेवसहून रेड्डीकडे सामान लादलेली सायकल घेऊन निघालं, की मुक्कामागणिक खाडी आडवी येते : दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड. सायकल फेरीबोटीच्या कठड्याला बांधायची, पलीकडे उतरलं की खाडीकाठापासून सड्यापर्यंतचा उभा चढ, आणि चेनवर जांभ्याची तांबडी धूळ. माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी स्वप्न पाहिलेल्या या सागरी मार्गासाठी आता खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. अडलेल्या बाळंतिणीला शेवटची फेरी सुटली म्हणून लांबचा वळसा पडावा, हे कुणीही मान्य करू नये. माझा आग्रह एवढाच, की सायकलीची वेगळी पट्टी पुलाच्या मूळ आराखड्यातच असावी आणि वाड्यांमधले जुने अरुंद रस्ते रुंदीकरणातून वगळावेत.

नंतर बघू म्हटलं की काय होतं, ते चंडीगडमध्ये दिसतं. शहराचे रचनाकार ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांचे आधी सात प्रकार आखले. सायकलींसाठीचा आठवा, व्ही-८, मागाहून जोडला. मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक झाले खरे, पण मोठा चौक आला की सायकलस्वार पुन्हा मोटारींच्या लोंढ्यात सापडतो. सपाट, मोकळ्या जमिनीवर वसवलेल्या शहराची ही गत, तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या कोकणात मागाहून जागा काढायची म्हणजे कुणाची तरी पोफळीची बाग कापायची.

सायकलवाले असतात किती, असं विचारलं जाईल. आज थोडेच आहेत. पण मोटारीने मुंबईहून निघालेला माणूस संध्याकाळी गणपतीपुळ्यात असतो, तर ओझं घेऊन सायकल चालवणारा वाटेत मुरुड, हर्णै, गुहागर असे मुक्काम करतो, म्हणजे तितक्या गावांत जेवतो आणि खोली घेतो. ‘मग आम्ही धुळीतच राहायचं का?’ हा वाडीतल्या माणसाचा सवाल जास्त वजनाचा आहे. मुळीच नाही. डांबर जरूर टाका, मोऱ्या पक्क्या बांधा; फक्त रस्त्याची रुंदी आहे तेवढीच राहू द्या. सडकेचा कच्चेपणा जपणं हा सायकलवाल्यांचा हक्क नव्हे. पुलाची गोष्ट मात्र वेगळी. खाडीवरच्या उंच पुलावर समोरून वारा, मागून डंपर आणि बाजूला कठडा, अशा जागी पट्टी नसेल तर सायकल हाकणं जिवावरचं आहे, आणि पूल उभा राहिल्यावर तो रुंद करायला कुणी येत नाही.