वेगवान, पण घरची

भारतात वेगवान घरगुती पेट्रोल गाडीचा आकार इंजिनिअरांच्या बरोबरीने करखात्यानेही ठरवला आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. जीएसटी आला तरी ही रेषा पुसली गेली नाही. सप्टेंबर २०२५पासून तर रेषेच्या अलीकडे १८ टक्के आणि पलीकडे ४० टक्के कर आहे. युरोपात वेगाचे काम दीड-दोन लिटरच्या इंजिनाकडून करून घेतात. इथे ते एक किंवा सव्वा लिटरच्या इंजिनाला टर्बो बसवून साधावे लागते. २०१३ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (११९७ सीसी, १०५ अश्वशक्ती), २०१७ची मारुती बलेनो आरएस (९९८ सीसी, १०२), २०२१ची ह्युंदाई आय२० एन लाइन (९९८ सीसी, १२०) आणि २०२४ची टाटा अल्ट्रोझ रेसर (११९९ सीसी, १२०) या सगळ्या त्याच रेषेच्या आत बसवलेल्या गाड्या. २०१५ची फियाट पुंटो अबार्थ मात्र चार मीटरच्या आत असूनही १३६८ सीसीच्या इंजिनामुळे सवलतीला मुकली. पोलो चाकणची, अबार्थ रांजणगावची आणि अल्ट्रोझही पुण्याचीच, म्हणजे या प्रकारातला बराच इतिहास एकाच जिल्ह्यात घडला.

टर्बोपूर्वीच्या पिढीत फियाट पॅलिओ १.६ आणि होंडा सिटी व्हीटेक यांचा दबदबा होता. त्यांची ताकद इंजिन वरच्या फेऱ्यांत नेल्यावरच बाहेर यायची, आणि घरच्या माणसांना घेऊन इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत ताणणारे थोडेच. टर्बोने हे गणित उलटे केले. जीटी टीएसआयचा १७५ न्यूटन-मीटरचा टॉर्क दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळतो. त्यामुळे पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी घाटातही गिअर न उतरवता चढते. शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा हा गुण रोज उपयोगी पडतो.

तुलना करताना नेमका तोच आकडा आधी पुढे येतो. कंपन्यांच्या दाव्यानुसार जीटी टीएसआय ९.७ सेकंदांत शंभर गाठते आणि अबार्थ ८.८ सेकंदांत. चाळीस अश्वशक्ती जास्त असून फरक सेकंदाहून कमी. पोलोचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, क्षणात गिअर बदलतो, तर अबार्थमध्ये ते काम चालकाच्या हातापायांवर सोडलेले आहे. अबार्थचा खरा वरचष्मा आहे तो थांबण्यात: तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पोलोला मागे ड्रम. आंबोली किंवा वरंध घाट भरल्या गाडीने उतरताना या फरकाचे मोल कळते. अशा गाडीची टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रस्त्यावर एकट्याने घेणे म्हणूनच निरुपयोगी. मागच्या सीटवर तीन माणसे बसवून ती खड्ड्यांवरून आणि गतिरोधकांवरून न्यावी. कडक सस्पेन्शनबद्दल मागे बसलेल्यांचे मत चालकाच्या मतापेक्षा प्रामाणिक असते.

या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २०२०च्या मॉडेलमध्ये २४५ अश्वशक्तीसोबत ५९० लिटरची डिकी होती. पण त्या वर्षी भारतात २०० गाड्याच आल्या, आणि २०२५ची २६५ अश्वशक्तीची आरएस १०० गाड्यांपुरती, ४९.९९ लाखांना आली. त्या किमतीत ती घरगुती गाडी उरत नाही, हौसेची होते.

सांभाळताना तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. टर्बोची बेअरिंग इंजिनाच्या तेलावरच जगते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल, तेही मुदतीपूर्वी बदललेले बरे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी साचते आणि काही वर्षांनी ती खरवडून काढावी लागते. तिसरी गोष्ट सात गिअरच्या डीएसजीचे ड्राय क्लच. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेसारख्या इंच-इंच सरकण्यात ते तापतात आणि झिजतात. २०२०मध्ये फोक्सवॅगनने एक लिटरच्या नव्या पोलोला डीएसजीऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स दिला. शहरातल्या मालकाच्या दृष्टीने तो बदल योग्यच होता. जुन्या गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलवर चालवताना इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटही तपासत राहावे लागते.

ट्यूनिंगमध्ये सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे रीमॅप, इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलणे. टर्बो गाडीत तो चमत्कार वाटतो, कारण नवी आज्ञावली टर्बोचा दाब वाढवते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. साध्या इंजिनात वाढवायला दाबच नसतो, म्हणून तिथे पैसे जातात आणि हाती फारसे लागत नाही. वाढलेल्या दाबाने ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले इंधन आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी इंजिन ठिणगी उशिरा देते आणि कमावलेली ताकद परत गमावते. अशा मॅपसाठी ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल कायम भरावे लागते. ई२०ला किमान ९५ ऑक्टेनचे मानक आहे, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज घसरते.

दुसरी मर्यादा गिअरबॉक्सची. सात गिअरचा तो ड्राय क्लच डीएसजी सुमारे २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, आणि दीड लिटरची फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर घेऊन निघते. तिथे रीमॅप पहिल्याच दिवशी गिअरबॉक्सची मर्यादा ओलांडतो. वॉरंटीही सुटते, कारण सर्व्हिस सेंटरचा संगणक बदललेली आज्ञावली ओळखू शकतो. म्हणून पैसे आधी चांगल्या टायरांवर, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर, नंतर डॅम्परवर खर्च करावेत. स्प्रिंग कापून गाडी बसवणे हा सुधारणेचा प्रकारच नव्हे.

कायदाही इथे आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा पाइप पीयूसीच्या तपासणीतही अडकू शकतो, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. कायदेशीर वाट म्हणजे कारखान्यानेच ट्यून केलेली गाडी. टाटाने कोइमतूरच्या जयेमबरोबर २०१८मध्ये टियागो जेटीपी आणली होती, ११४ अश्वशक्तीची आणि वॉरंटीसह. तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि २०२०मध्ये ती भागीदारीच संपली. ट्यूनिंगवर तासन्तास बोलणाऱ्यांनी ती विकत घेतली असती, तर चित्र वेगळे दिसले असते.

जीटी टीएसआय, अबार्थ, जेटीपी आता सेकंडहँडच मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कधी ना कधी रीमॅप झालेल्या असू शकतात. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत टाकता येते, म्हणून केवळ स्कॅनरवर विसंबू नये. सर्व्हिसच्या पावत्या सलग आहेत का, तेल वेळेवर बदलले आहे का, डीएसजी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देतो का, एक्झॉस्टच्या पाइपवर नवे वेल्डिंग दिसते का, हे पाहावे. पावत्या नसतील तर क्लच आणि टर्बो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.